घरातलं पहिलं कार्ड

मोहगाव, सौसर, पांढुर्ण्याकडच्या आपल्या घरांमध्ये पैशाच्या गोष्टी पोरांसमोर बोलायची पद्धत नव्हती. आमच्याही घरी नव्हती. ती न बोलल्यामुळे 2019 साली माझं आणि बाबांचं मोठं भांडण झालं. ते आज लिहिते आहे, कारण आता आपल्याकडची पुष्कळ पोरं-पोरी नागपूर, पुण्याला नोकरीला लागली आहेत आणि पहिल्या पगारासोबतच त्यांना क्रेडिट कार्डाचे फोन सुरू होतात.

मी मोहगावची. घरी मराठी, शाळेत हिंदी, आणि पुढचं शिक्षण नागपुरात. इंजिनिअरिंगसाठी बँकेचं शैक्षणिक कर्ज काढलं होतं, दोन लाख ऐंशी हजारांचं. चार लाखांच्या आतल्या शैक्षणिक कर्जाला जमीन-घर गहाण ठेवावं लागत नाही, पण आई किंवा वडिलांना सोबत सही करावी लागते. बाबांनी केली. 2017 ला मी पास झाले, नागपुरातच अकरा हजारांची नोकरी लागली. 2018 च्या मध्यात हप्ता सुरू झाला, पाच हजारांच्या थोडा वर. मी म्हटलं, मी भरते. बाबा म्हणाले, "तू तुह्यं खोलीभाडं पाह्य. हप्त्याचं मी पाहतो." मी पण मग विचारलं नाही. कर्ज माझ्या नावावर, शिक्षण माझं, आणि बँकेचे मेसेज जायचे बाबांच्या मोबाईलवर, तेही इंग्रजीत.

2019 च्या पावसाळ्यात पगार अठरा हजार झाला. ऑफिसमधल्या मैत्रिणींकडे कार्डं होती. एकीनं कार्डावर फोन घेतला, दुसरीनं माहेरी फ्रिज पाठवला. मॉलमध्ये टेबल लावून बसलेला मुलगा फॉर्म भरला की एक बॅग फुकट द्यायचा. मला बॅग नको होती, पण कार्ड हवं होतं. खरं सांगायचं तर गरज काही नव्हती. पर्समध्ये स्वतःच्या नावाचं कार्ड असलं की आपण मोठे झालो असं वाटायचं, एवढंच.

फॉर्म भरला. त्या मुलानं आधारवरचा पत्ता पाहिला, मोहगाव, तहसील सौसर, जिल्हा छिंदवाडा, आणि म्हणाला, "मॅडम, एमपी आहे, पण बघतो." आठ-दहा दिवसांनी मेसेज आला, अर्ज नामंजूर. मला वाटलं पत्त्यामुळे असेल. दुसऱ्या ठिकाणी भरला, तिथंही तेच. तेव्हा ऑफिसमधल्या अकाउंटच्या सरांनी सांगितलं, "आधी आपला सिबिल रिपोर्ट काढ. वर्षातून एकदा फुकट मिळतो. आणि सारखे अर्ज करत सुटू नको, प्रत्येक अर्जाची नोंद होते."

रिपोर्ट काढला. सिबिलचा स्कोअर 300 ते 900 असतो. माझा साडेसहाशेच्या खाली. खाली कर्जाच्या प्रत्येक महिन्याचा एक-एक चौकोन असतो, हप्ता वेळेवर भरला असेल तर त्यात तीन शून्यं. माझ्या चौकोनांत तीन महिने वेगळेच आकडे होते. फेब्रुवारी 018, मार्च 049, एप्रिल 079. म्हणजे त्या-त्या महिन्याच्या शेवटी हप्ता इतके दिवस थकलेला. 10 फेब्रुवारीचा हप्ता मे महिन्यात भरला गेला होता. आणखी काही दिवस गेले असते तर नव्वद दिवस होऊन खातं एनपीएत गेलं असतं.

मी इतकी चिडले की विचारू नका. बाबांनी एक शब्द सांगितला नव्हता.

पोळ्याला घरी गेले. बैल नदीवरून धुऊन आणलेले, आई पुरणाच्या नादात. मी थांबायला पाहिजे होतं, सणाचा दिवस होता. नाही थांबले. जेवणाआधीच म्हटलं, "बाबा, हप्ते थकले तं तुम्ही मले सांगतलं काऊन नाही? तुमच्यामुळं माहं नाव खराब झालं."

आईच्या हातातलं लाटणं थांबलं. बाबा काहीच बोलले नाहीत. बैलांना झूल घालून तोरणाखाली घेऊन गेले. रात्री सगळं आटोपल्यावर त्यांनी लोखंडी पेटी उघडली आणि सोसायटीचं पुस्तक माझ्यासमोर ठेवलं. किसान क्रेडिट कार्डाचं. ही योजना 1998 साली सुरू झाली आणि पहिल्या काही वर्षांतच बाबांनी कार्ड काढलं होतं. म्हणजे आमच्या घरातलं पहिलं क्रेडिट कार्ड माझं होणारच नव्हतं. ते वीस वर्षांपासून पेटीत होतं, आणि मी ते कधी उघडून पाहिलं नव्हतं.

बाबांनी बोट ठेवून दाखवलं. एक लाख वीस हजार, खरिपाचं. तारीख 28 मार्च. आपल्या मध्यप्रदेशात सोसायटीचं पीककर्ज वेळेत फेडलं तर व्याज शून्य टक्के. तारीख हुकली की व्याज लागतं, आणि जुनं फिटल्याशिवाय पुढचं कर्ज मिळत नाही. युरिया, डीएपी त्याच सोसायटीतून येणार. म्हणजे एक तारीख चुकली तर पुढचा अख्खा हंगाम अडतो.

त्या वर्षी विहिरीनं लवकर तळ गाठला होता. संत्र्याचा बगिचा व्यापाऱ्याला झाडावरच दिला होता. त्यानं इसार दिला, अर्धा माल तोडून नेला, आणि बाकीचे पैसे "आठ दिवसांत" म्हणत तीन महिने आलाच नाही. बाबांनी कापूस विकला, आत्याकडून वीस हजार आणले आणि 28 मार्चच्या आत सोसायटी भरली. माझे तीन हप्ते राहिले. मे महिन्यात व्यापाऱ्याचे थोडे पैसे आले, त्या दिवशीच सौसरला जाऊन तिन्ही हप्ते एकदम भरले.

"दोन्ही भरता येत नव्हते," बाबा म्हणाले. "एक तारीख पाळली, एक सोडली. तुह्या बँकेत उशिराचं व्याज लागीन अन् मंग फिटून जाईन, असं वाटलं मले. नावाचं काही असते हे मले कोणी सांगतलंच नाही."

मी म्हटलं, "मले फोन तं करायचा होता. दोन हप्ते मी भरले असते."

"पोरीच्या पगाराले हात लावू का?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. आजही सुचत नाही. त्यांचं गणित चूक नव्हतं, मी त्यांच्या जागी असते तर तेच केलं असतं. पण न सांगणं चूक होतं, आणि न विचारणं ही माझी चूक होती. आणि एक गोष्ट तेव्हा फार लागली. माझ्या चौकोनांत 079 लिहिलं होतं, पण ज्या व्यापाऱ्यानं तीन महिने पैसे दाबून ठेवले त्याचा रिपोर्ट कुठंच नव्हता. रिपोर्टात उशीर दिसतो, कोणामुळं झाला ते दिसत नाही.

मी बाबांची माफी मागितली. तोंडानं नाही, आपल्याकडे ते होत नाही. सप्टेंबरपासून हप्ता माझ्या खात्यातून कापायचा अर्ज दिला आणि कर्जाला माझा मोबाईल नंबर लावला.

मग राहिला कार्डाचा प्रश्न. सरांनीच सांगितलं की स्कोअर कमी असला किंवा काहीच नसला तरी मुदत ठेवीवर कार्ड मिळतं. बँकेत एफडी करायची, त्या रकमेच्या थोडी कमी मर्यादा असलेलं कार्ड देतात. ठेवीवर व्याज चालू राहतं, पैसे बुडवले तर बँक ठेवीतून वळती करते. वापरून वेळेवर भरत गेलं की स्कोअर सुधारतो. दिवाळीपर्यंत वीस हजार जमवले, एफडी केली. वार्षिक फी नसलेलं, साधं कार्ड निवडलं. विमानतळावर फुकट बसायला मिळतं, सिनेमाचं तिकीट मिळतं, अशी कार्डं होती. पण सौसर-सावनेर-नागपूर बसनं जाणाऱ्या पोरीला विमानतळाचं काय?

कार्ड आलं तेव्हा सोबतची माहिती मी घरी बाबांना वाचून दाखवली. त्यांना ती माझ्यापेक्षा लवकर समजली. खरेदी केल्यावर बिलाची तारीख, त्यानंतर पैसे भरायची शेवटची तारीख, मध्ये वीस ते पन्नास दिवस बिनव्याजी. पूर्ण बिल तारखेत भरलं तर व्याज शून्य. बाबा म्हणाले, "हे तं आपल्या सोसायटीवानीच झालं. तारीख पाळली तं फुकट, हुकली तं गेला."

मग मी 'मिनिमम ड्यू' समजावून सांगायला लागले. बिल वीस हजार असलं आणि एक हजारच भरले तरी चालतं, दंड लागत नाही. बाबा हसले. "अन् उरलेल्यावर?" उरलेल्यावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज. आम्ही कागदावर मांडलं. वीस हजारांवर सातशे रुपये व्याज. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, एकशे सव्वीस. झाले आठशे सव्वीस. म्हणजे भरलेल्या हजारातून मुद्दलात फिटले फक्त एकशे चौऱ्याहत्तर. वरून बाकी आहे तोवर नवीन खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. आणि कार्डानं एटीएममधून रोख काढली तर पहिल्या दिवसापासूनच व्याज, शिवाय फी.

बाबा म्हणाले, "हे नवं-जुनं आहे, पोरी. सावकाराकडून आणून सोसायटी भरायची, दुसऱ्या दिवशी सोसायटीतून उचलून सावकाराले द्यायचे. कागद साफ दिसते, कर्ज तितकंच राहते. त्यानं किती घरं बसलेली पाह्यली म्या."

कोणत्याही बँकेच्या माणसानं मला इतकं स्वच्छ सांगितलं नव्हतं. 2020 मध्ये लॉकडाऊनला पगार अर्धा झाला, तेव्हा दोनदा माझं बोट त्या 'मिनिमम'वर गेलं. दोन्ही वेळा नवं-जुनं आठवलं. आईनं गावाहून तूर डाळ, तांदूळ पाठवले होते. खर्च आवळला आणि बिल पूर्ण भरलं.

दीड-दोन वर्षांत स्कोअर साडेसातशेच्या वर गेला. ते थकलेले चौकोन रिपोर्टात सरकत-सरकत मागे गेले. त्यात छत्तीस महिन्यांचेच दिसतात. पुढं विना ठेवीचं कार्डही मिळालं. पण मी पहिलंच वापरते.

2021 च्या उन्हाळ्यात विहिरीवरची मोटर जळली. संत्र्याला पाणी देणं थांबवता येत नव्हतं आणि महिन्याची वीस तारीख होती. बाबांनी या वेळी फोन केला. स्वतःहून. मी नऊ हजार कार्डावरून दुकानदाराला दिले, त्याच संध्याकाळी मोटर सुरू झाली. बाबांनी एकच विचारलं, "तारीख कोणती आहे?" मी सांगितली. बिल भरायच्या दोन दिवस आधी सकाळी सहाला फोन. "भरले काय?" मी म्हटलं, पगार झाल्या दिवशीच भरले. "हाव," म्हणून ठेवून दिला.

मागच्या वर्षी, 2025 मध्ये, शैक्षणिक कर्ज फिटलं. बँकेचं कर्ज फिटल्याचं पत्र घेऊन मी मोहगावला गेले. मधल्या काळात आपला जिल्हाही बदलला होता, 2023 पासून छिंदवाड्याऐवजी पांढुर्णा. बाबांनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं, इंग्रजी कळत नसताना. मग पेटी उघडली आणि सोसायटीच्या पुस्तकात घडी घालून ठेवलं.

पहिलं कार्ड घेणाऱ्या पोरा-पोरींना माझं इतकंच सांगणं आहे. आधी स्वतःचा रिपोर्ट काढून पाहा. फुकटची बॅग पाहू नका, फी आणि व्याज पाहा. पूर्ण बिल भरता येत असेल तेवढंच वापरा. आणि फॉर्म भरायच्या आधी एकदा घरी जाऊन वडिलांना विचारा, तुमच्या कोणत्या तारखा चालू आहेत. रागात नका विचारू. मी रागात विचारलं होतं, आणि तो पोळा काही परत येत नाही.