खटका

घरांत पाणी तापविण्याचें यंत्र आणि इस्त्री एकाच वेळीं लागली, कीं दाराजवळच्या पेटींतील खटका पडतो आणि सर्व मंडळी त्या खटक्यावरच रागावतात. आमच्या घरीं हा प्रकार वरचेवर घडूं लागला, तेव्हां आमच्या धाकट्या बंधूंनीं १६ अँपिअरचा खटका काढून तेथें ३२ चा बसविला. घरांत सर्वांस समाधान झालें. भिंतींतील तार मात्र पूर्वींचीच राहिली. तिला तेवढा भार सोसणार नाहीं, हें ठाऊक असूनही आम्ही, धंद्यानें विद्युत्-अभियंते, गप्प बसलों. त्या गप्प बसण्याची लाज आम्हांस कशी वाटली, तें येथें सांगावयाचें आहे.

गेल्या हिंवाळ्यांत पुण्याजवळील एका कारखान्यांतील जुन्या सर्किट ब्रेकरला इलेक्ट्रॉनिक ट्रिप युनिट बसविण्याचें काम आमच्याकडे आलें. हा ब्रेकर १,६०० अँपिअरचा. घरच्या खटक्याचा थोरला भाऊच म्हणावयाचा. प्रवाह वाजवीपेक्षां वाढला, कीं यानें वीज तोडावयाची. जुन्या रचनेंत हें काम तेलाच्या नळींतील दट्ट्या करी. वाढलेल्या प्रवाहाच्या चुंबकत्वानें तो ओढला जाई, आणि तेल त्यास थोडा वेळ अडवून धरी. परंतु वर्षानुवर्षें तेल घट्ट होत जातें, धूळ बसते, आणि मग दट्ट्या वेळेवर हलेल याचा भरंवसा उरत नाहीं.

नव्या रचनेंत प्रत्येक फेजच्या पट्टीभोंवतीं एक करंट ट्रान्सफॉर्मर असतो. तो मुख्य प्रवाहाची लहानशी प्रतिकृति युनिटाकडे धाडतो, आणि युनिट त्याच शिदोरीवर चालतें. प्रवाह किंचित् अधिक असेल तर कांहीं काळ सोसावयाचा, पुष्कळ अधिक असेल तर थोडाच काळ, आणि अतिशय मोठा असेल तर क्षणभरही नाहीं, असा त्याचा हिशेब असतो. वेळ भरली, कीं युनिट एका लहान चुंबकाची पकड सैल करतें, दाबलेली स्प्रिंग सुटते, आणि ब्रेकर उघडतो.

रविवारीं पुरवठा तोडून, ब्रेकरची स्प्रिंग मोकळी करून, तो बाहेर ओढून आम्हीं काम पुरें केलें. मर्यादा १,२८० अँपिअरवर लावली. तपासणीच्या पेटींतून युनिटांत थेट लहानसा प्रवाह सोडून पाहिला. प्रत्येक वेळीं ब्रेकर बरोबर उघडला. रात्रीचे नऊ वाजले होते. सकाळची पाळी वेळेवर सुरू व्हावी म्हणून व्यवस्थापक वारंवार घड्याळाकडे पाहत होते. आम्हीं अहवालावर सही करण्यास लेखणी काढली.

इतक्यांत आमच्याबरोबरचे वृद्ध वायरमन काका म्हणाले, "साहेब, डोकं तपासलंत; डोळे राहिले."

त्यांचें म्हणणें खरें होतें. युनिटांत सोडलेला प्रवाह ट्रान्सफॉर्मरांस स्पर्शसुद्धां न करतां गेला होता. बरोबर आणलेलें जड तपासणी-यंत्र वेळ वाचविण्यासाठीं आम्हीं गाडींतून उतरविलेंच नव्हतें. तें उतरवून आम्हीं मुख्य पट्टींतूनच मर्यादेच्या तिप्पट, म्हणजे ३,८४० अँपिअर, प्रवाह सोडला. लावलेल्या वेळेप्रमाणें सुमारें ३२ सेकंदांत ब्रेकर उघडावयास हवा होता. पहिल्या दोन फेजवर तो उघडलाही. तिसऱ्या फेजवर युनिटाचा दिवासुद्धां लागेना. आम्हीं तत्काळ प्रवाह बंद केला. जोडणी उघडून पाहतों तों एक पिन मागें सरकलेली! त्या फेजपुरतें आमचें नवें युनिट आंधळें होतें. शिवाय प्रवाह चालू असतां ट्रान्सफॉर्मरचें टोक असें उघडें राहिलें, तर तेथें घातक दाब चढूं शकतो.

पिन बसवून, तिन्ही फेज पुन्हा तपासून आम्हीं मध्यरात्रीनंतर सही केली. परततांना मनांत एकच विचार घोळत होता: काकांनीं दुसऱ्याच्या कारखान्यासाठीं तोंड उघडलें, आम्हीं स्वतःच्या घरासाठीं तेवढेंही केलें नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं १६ चा खटका आणून बसविला. बंधु म्हणाले, "दादा, आता पुन्हा रोज वीज जाणार!" आम्हीं त्यांस भिंतींतील तारेची गोष्ट सांगितली. तेव्हांपासून आमच्या घरीं पाणी तापल्यावर इस्त्री होते.