तेलाचा तांबडा दिवा

आपल्या वस्त्यांतील तरुण मुलांना अलीकडे मोटारसायकलवरून लांबचा प्रवास करण्याची आवड लागली आहे. कोणी कोकणात जातो, कोणी अजिंठा-वेरूळ पाहून येतो. नवी मोठी गाडी परवडत नाही, म्हणून मुले वापरलेली गाडी घेतात. आमचा त्याला विरोध नाही. स्वतःच्या कमाईवर आपला देश पाहावा, यासारखा दुसरा आनंद नाही. मात्र अशा गाडीच्या मीटरमध्ये तेलाच्या झारीचे चित्र असलेला एक लहानसा तांबडा दिवा असतो. त्या दिव्याविषयी चार शब्द सांगणे आम्हाला अगत्याचे वाटते. कारण या दिव्याने वर्षभरात तीन वेळा आमच्या घराची झोप उडविली होती.

आमच्या पुतण्याने २०२२ साली दोन सिलिंडरची, लांब पल्ल्याची मोटारसायकल घेतली. अर्थातच वापरलेली. निम्मे पैसे त्याचे, थोडे पतपेढीचे कर्ज आणि उरलेले वहिनींच्या भिशीचे. दादा गेल्यापासून वहिनींनी एकेक रुपया जोडून ती भिशी भरली होती. त्यामुळे गाडीचे इंजिन बिघडणे म्हणजे पोराची हौस फिटली नाही एवढ्यावर भागणारे नव्हते. घरातील तीन माणसांचा घाम त्या इंजिनात होता.

आधी हा दिवा काय सांगतो ते समजून घेतले पाहिजे. पुष्कळांना वाटते की, तेल कमी झाले की तो लागतो. ते अर्धेच खरे आहे. बहुतेक मोठ्या गाड्यांत हा दिवा तेलाचा दाब सांगतो. इंजिनात तेलाचा पंप असतो. तो तळाच्या जाळीतून तेल ओढतो आणि दाबाने सगळ्या बेअरिंगांपर्यंत पोहोचवितो. फिरणारा क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा जो थर राहतो, तो आपल्या केसापेक्षाही कितीतरी पातळ असतो. तेवढ्या थरावर सारे इंजिन तरलेले असते. दाब गेला की थर गेला आणि लोखंड लोखंडाला घासू लागले. मग इंजिन जाम होण्यास फार वेळ लागत नाही. धावत्या गाडीचे इंजिन जाम झाले, तर मागचे चाकही जागीच अडकू शकते. गाडीवर दोन माणसे बसलेली असतात, हे विसरू नये.

इंजिनवर दाबाचे एक बटण बसविलेले असते. चावी फिरविली, पण इंजिन चालू केले नाही, तर दाब नसतो, म्हणून दिवा लागतो. इंजिन चालू होताच दाब वाढतो, बटण उघडते आणि दिवा विझतो. इतकी साधी रचना. मात्र ते बटण अगदी थोड्या दाबावरच उघडते. म्हणून दिवा विझलेला आहे याचा अर्थ सारे ठीक आहे असा होत नाही. आणि चालत्या गाडीत दिवा लागला, तर दाब अगदी तळाशी गेला आहे असेच समजावे लागते.

पहिल्यांदा हा दिवा लागला तो २०२२ च्या डिसेंबरात, कसारा घाट उतरताना. एका कामानिमित्त आम्ही नाशिकहून मुंबईकडे निघालो होतो. पुतण्या चालवीत होता, आम्ही मागे. वळणावर ब्रेक लावला की दिवा क्षणभर लुकलुके आणि विझे. पुतण्याने लगेच इंजिन बंद करून गाडी कडेला घेतली. गाडी मेन स्टँडवर सरळ उभी केली, दहा मिनिटे थांबलो आणि इंजिनच्या बाजूची काच पाहिली. तेल खालच्या खुणेच्याही खाली गेलेले. ब्रेक लावला की उरलेले तेल पुढे सरके आणि जाळीच्या तोंडी हवा येई. कसाऱ्यात तेल मिळाले. ते भरल्यावर दिवा गेला. लांबच्या वेगवान प्रवासात चांगले इंजिनही थोडे तेल खाते. तेव्हापासून पुतण्याने दर रविवारी काच पाहण्याची आणि वहीत नोंद करण्याची सवय लावून घेतली.

दुसरी वेळ २०२३ च्या एप्रिलातली. तेल खुणेला बरोबर, तरी गतिरोधकावर आदळले किंवा हँडल पूर्ण वळविले की दिवा लागू लागला. एका गॅरेजवाल्याने गाडीला हातही न लावता सांगितले, "इंजिन उघडावे लागेल, पस्तीस हजार धरून चाला." दुसरा म्हणाला, "बटणाची वायर काढून टाकतो, कटकटच संपेल." पुतण्या त्या दुसऱ्याकडे झुकू लागला होता. पस्तीस हजार आणायचे कोठून? तेव्हा वहिनींनी आम्हाला विचारले, "भाऊजी, दिवा विझवला म्हणजे इंजिन बरं होतं का हो?"

चौथी शिकलेल्या बाईचा हा प्रश्न आम्हा बी. कॉम. माणसाला मोलाचा वाटला. आमचा जन्म कारकुनीत गेला. रोजकीर्दीत फरक निघाला, तर आम्ही तो आकडा खोडीत नाही, फरक कोठून आला ते शोधतो. मग दिव्याला वेगळा न्याय का?

आम्ही एका वयस्कर मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी प्रथम बटणावरची वायर काढली आणि चावी फिरविली. दिवा लागलेलाच! "साहेब, बटणाचा संबंधच नाही. ही वायर मध्येच कुठे तरी बॉडीला लागते," ते म्हणाले. टाकी उतरविली, तर हँडलच्या सांध्याजवळ वायरचे आवरण घासून तांबे उघडे पडले होते. वायर बदलली. एवढ्यावर न थांबता त्यांनी बटणाच्या जागी दाबाचा गेज बसवून इंजिन गरम होईपर्यंत चालविले. दाब भरपूर होता. खर्च चारशे रुपये. पस्तीस हजारांचे काम चारशेत झाले, म्हणून घरात आनंदीआनंद!

पण खरा धोका त्या आनंदातच होता. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. दिवा एकदा खोटा लागला, तेव्हा यापुढेही तो खोटाच, असे मनात बसते.

२०२३ च्या नोव्हेंबरात मालेगावला जाताना चांदवडच्या पुढे राहुड घाटात दिवा तिसऱ्यांदा लागला. रस्ता गुळगुळीत, हँडल सरळ. चढावर ॲक्सिलरेटर पिळला की दिवा लागे, सोडला की विझे. पुतण्या म्हणाला, "काका, पुन्हा ती वायरच असणार. हळूहळू गेलो तर पोचू मालेगावला." आम्ही म्हणालो, "बाळा, आधी इंजिन बंद कर." काचेत तेल पूर्ण होते. मागच्या वेळी दिवा धक्क्यावर लागत होता, या वेळी जोर दिल्यावर लागतो आहे. लक्षण वेगळे तर कारणही वेगळे असू शकते, एवढेच आमचे म्हणणे. टेम्पो केला. भाडे अडीच हजार. मालेगावचे काम राहिले. नाशिक येईपर्यंत पोरगा आमच्याशी एक शब्द बोलला नाही.

मिस्त्रींनी गेज लावला. इंजिन सावकाश चालताना काटा ठीक उभा. वेग वाढवू लागताच काटा वर जाण्याऐवजी खाली येऊ लागला. त्यांनी लगेच इंजिन बंद केले. ते म्हणाले, "बेअरिंग झिजलं असतं, तर गरम इंजिन सावकाश चालताना दाब कमी दिसला असता आणि वेग दिल्यावर सुधारला असता. इथे उलटं आहे. पंपाला तेल ओढता येत नाही." तळाचे झाकण उघडले. जाळी वाळलेल्या सीलंटच्या तुकड्यांनी गच्च भरलेली! पूर्वी कोणीतरी ते झाकण बसविताना हात सैल सोडून सीलंट फासले होते. आत गेलेले तुकडे सुटून हळूहळू जाळीवर जमले. जाळी धुतली, नवे गॅसकेट, नवे तेल, नवा फिल्टर. तीन हजार दोनशे रुपये. बेअरिंगे शाबूत निघाली. पुतण्याने ती जाळी हातात घेऊन पाहिली आणि खाली मान घालून म्हणाला, "काका, अजून वीस किलोमीटर गेलो असतो तर?" आम्ही उत्तर दिले नाही. त्याची गरजही नव्हती.

दिवा एकच, कारणे तीन. म्हणून आमचे तरुण वाचकांना सांगणे आहे की, दिवा लागला की प्रथम इंजिन बंद करा. मग गाडी सरळ उभी करून तेल पाहा. साइड स्टँडवर तिरक्या गाडीत काच खोटे सांगते. तेल कमी असेल तर पुस्तिकेत दिलेल्या प्रतीचेच भरा. ज्या गाडीचा क्लच तेलात बुडालेला असतो, तीत मोटारकारचे तेल घालू नका, क्लच घसरू शकतो. डब्यावर 'जासो एमए' हा शिक्का पाहून घ्या. तेल बरोबर असूनही दिवा लागत असेल, तर वायर, मग बटण आणि मग गेजने दाब, या क्रमाने तपासून घ्या. दिवा केव्हा लागतो, वळणावर, धक्क्यावर, चढावर की गरम इंजिन सावकाश चालताना, ते वहीत लिहून मिस्त्रीला सांगा. आजारी माणसाचे दुखणे जसे डॉक्टरला नीट सांगावे लागते, तसेच हे आहे. आणि गेज न लावताच इंजिन उघडायला निघालेल्या माणसाच्या हाती घरची पुंजी देऊ नका.

आणखी एक. वापरलेली गाडी घ्यायला जाल, तेव्हा रंग आणि सायलेन्सरचा आवाज नंतर पाहा. आधी चावी फिरवा आणि इंजिन चालू न करता मीटरकडे बघा. तेलाचा तांबडा दिवा लागलाच पाहिजे. तो लागला नाही, तर दिवा तरी गेलेला असेल, नाही तर तो बोलू नये म्हणून कोणीतरी त्याची वायर काढून ठेवलेली असेल. अशा गाडीचे पैसे मोजण्याआधी ती वायर का काढली, हे विचारून घ्या.