निवडणं-टिपणं

तांदूळ निवडणे ही सोपी गोष्ट आहे असे मी म्हटले, तर घरातली मंडळी माझ्यावर धावून येतील. पण छायाचित्रे निवडण्यापेक्षा ती खात्रीने सोपी आहे. तांदळातून खडा काढायचा असतो, आणि खड्याबद्दल कुणाला माया वाटत नाही. छायाचित्रांत मात्र चांगले दाणेच टाकावे लागतात. दहा उरावीत म्हणून सहाशे बाजूला सारायची, आणि तीही स्वतः काढलेली! ही विद्या मी साठी उलटल्यावर शिकलो, ती आमच्या आत्याच्या खाणावळीपायी.

आत्याची खाणावळ लालबागला, एका चाळीतल्या दीड खोलीत. गिरणगावातल्या अशा खाणावळी वाचकांपैकी कित्येकांनी पाहिल्या असतील. कोकणातून किंवा घाटावरून गडी एकटा मुंबईला यायचा, गिरणीत लागायचा आणि कुणा तरी मावशीच्या घरी महिन्याच्या बोलीवर दोन वेळ जेवायचा. या खाणावळवाल्या बायांना एकत्र आणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. मग १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगार थांबला, भूक काही थांबली नाही. त्या दिवसांत आत्याने आपल्या मेंबरांना उधारीवर जेवू घातले. त्या उधारीची वही तिने आजवर देवाच्या फळीवर जपून ठेवली आहे. पुढे गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी मॉल आणि मनोरे आले, तरी दहा-बारा मेंबर तिच्याकडे येतच राहिले. २०२३ साली चाळ पुनर्विकासाला गेली आणि खाणावळ मिटायची ठरली. शेवटचे तीन महिने मी दर रविवारी कॅमेरा घेऊन तिथे जात होतो. एकूण ६४० छायाचित्रे झाली.

त्यांतली चाळीस मी एका साप्ताहिकाला धाडली. ती ‘साभार परत’ आली. पूर्वी या दोन शब्दांसाठी लिफाफा यायचा; आता ते ई-मेलने येतात. पोस्टाची तिकिटे वाचतात, एवढाच काय तो फरक.

आमच्या शेजारच्या इमारतीत एक गृहस्थ राहतात. एका वर्तमानपत्रात त्यांनी उभा जन्म छायाचित्रे निवडण्यात घालवला. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. त्यांच्याकडे गेलो, तर ते छायाचित्रे बघायलाच तयार होईनात. म्हणाले, “आधी सांगा, गोष्ट कशाची आहे?”

“खाणावळीची.”

“ती जागा झाली. गोष्ट कशाची?”

दोन दिवस डोके खाजवून मी एक वाक्य घेऊन गेलो : उधारीवर जेवू घालणारी बाई आपली शेवटची पंगत उठवते आहे. मास्तर म्हणाले, “हं, आता चाळण मिळाली. छोटे प्रिंट काढून आणा आणि सतरंजीवर मांडा.”

पुढचे आठ दिवस आमच्या बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मास्तरांचा पहिला नियम असा की, प्रत्येक छायाचित्राला एक काम हवे. एकाने जागा दाखवायची, एकाने माणूस, एकाने हात किंवा वस्तू, एकाने माणसामाणसांतले नाते. आणि शेवटच्याने वाचकाला दारापर्यंत पोचवायचे. एकच काम करणारी दोन आली, तर एकाने रजा घ्यायची. मग त्यांनी यूजीन स्मिथचे उदाहरण दिले. १९४८ साली अमेरिकेतल्या ‘लाइफ’ साप्ताहिकात स्मिथने एका खेड्यातल्या डॉक्टरवर चित्रमालिका केली. त्यासाठी तो तेवीस दिवस त्या डॉक्टरच्या मागे सावलीसारखा हिंडला. सुरुवातीला डॉक्टर बॅग घेऊन ढगाळ आभाळाखाली चाललेला दिसतो. शेवटी रात्रीच्या शस्त्रक्रियेनंतर हातात कॉफीचा कप घेऊन थकून उभा असलेला. दुसरे उदाहरण रॉबर्ट फ्रँकचे. १९५५-५६ साली त्याने अमेरिकाभर हिंडून सत्तावीस हजारांवर छायाचित्रे काढली आणि पुस्तकात घेतली फक्त ८३! हे ऐकल्यावर ६४० मधून दहा काढण्याची तक्रार करायला तोंड उरले नाही.

माझे सर्वांत लाडके छायाचित्र वाफेचे होते. भाताच्या पातेल्यातून वाफ उठते आहे, खिडकीतून उन्हाची तिरीप आली आहे, आणि वाफ सोन्यासारखी झाली आहे. मास्तरांनी ते उचलले, कौतुकाने न्याहाळले आणि बाजूला ठेवले. “सुरेख आहे. पण ही वाफ कुठल्याही पातेल्याची आहे. आत्याची नाही.” यावर उत्तर नव्हते.

तेवढ्यात सौभाग्यवती चहा घेऊन आल्या. सतरंजीभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, “ह्यात आत्या सगळ्यांना वाढतेय. ती स्वतः जेवते कधी?” आम्ही दोघे एकमेकांकडे पाहू लागलो. मग बाजूला सारलेल्या ढिगातून एक छायाचित्र निघाले. दुपारचे चार वाजलेले, शेगडीशेजारी पाटावर आत्या एकटी जेवते आहे. ताटात भाकरी आणि तळाचे वरण. उजेड कमी, ताटाची कड हललेली. मास्तरांनी ते उचलून शेवटच्या जागी ठेवले. स्मिथच्या डॉक्टरचा कॉफीचा कप आमच्या सतरंजीवर आला तो असा.

खरी परीक्षा पुढेच होती. एक म्हातारे गिरणी कामगार जेवून उठताना अर्धी भाकरी रात्रीसाठी कागदात बांधून घेत आहेत, असे एक छायाचित्र होते. अख्ख्या मालिकेत त्याच्या तोडीचे दुसरे नव्हते. मास्तर ते बराच वेळ हातात धरून बसले, मग एवढेच म्हणाले, “हे त्यांना दाखवलंत?”

मी ते घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी डोळ्यांजवळ धरून पाहिले आणि शांतपणे म्हणाले, “भाऊ, काढलासा तर काढलासा, पण छापू नगा. गावाकडं सून वाचती.”

मुलाच्या घरी ते दरमहा पैसे पाठवत होते. मुंबईत आपले उत्तम चालले आहे, असे त्यांनी सांगून ठेवले होते. जो माणूस संपात अब्रू राखून जेवला, त्याची अब्रू दिवाळीच्या दिवसांत घरोघर उघडी करायची, ती कशासाठी? माझ्या चित्रमालिकेसाठी? ते छायाचित्र मी त्यांच्या हाती दिले. त्याच्या जागी उधारीच्या वहीचे पान आले : शाईने लिहिलेली नावे, पुढे आकडे, आणि काही आकड्यांवर आत्याने मारलेली काट. फेडलेल्यांवरही काट आणि सोडून दिलेल्यांवरही. कुठली कशाची, हे तिच्याखेरीज कुणाला कळत नाही. म्हणून ते पान छापायला ती तयार झाली. नावे मात्र तिने बोटाने झाकून धरली. छायाचित्रात ते बोटही आहे.

मग संपादकांना पत्र लिहिण्याचा धडा. मास्तर म्हणाले, आधी त्या साप्ताहिकाचे मागचे दहा अंक चाळा. त्यांच्या पानांत आपली गोष्ट कुठे बसते ते बघा. पत्र एका पानाच्या आत. पहिल्या ओळीत ते एक वाक्य. मग ही गोष्ट आत्ताच का : चाळ रिकामी झाली आहे, पाडकाम व्हायचे आहे. मग छायाचित्रे किती, मजकूर किती, आधी कुठे छापलेली नाहीत, आणि त्यांतल्या माणसांची संमती घेतली आहे. सोबत सहाच छायाचित्रे, लहान आकारात, मोठी मागितल्यावर. प्रत्येकाखाली कोण, कुठे, कधी. स्वतःची स्तुती कुठेही नाही. आणि दिवाळी अंकासाठी दिवाळीला जाग येऊन उपयोग नाही. अंकाची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते. जूनमध्ये पत्र गेले. पंधरा दिवसांनी दुसऱ्या एका साप्ताहिकाच्या संपादकांचे उत्तर आले : दहापैकी नऊ घेतो. गाळले ते गल्लीचे होते. मास्तर म्हणाले, “वा! माणूस जाणकार दिसतो.”

अंक आला तेव्हा मी तो घेऊन आत्याच्या भाड्याच्या खोलीवर गेलो. तिने चष्मा लावला आणि छायाचित्रे सोडून खालच्या ओळी बोट फिरवत वाचू लागली.

“अगं, फोटो बघ ना!”

“ते मी रोजच बघत होते. माणसांची नावं, गावं बरोबर छापलीत का, ते बघतेय.” मग थोडे थांबून म्हणाली, “आणि भाकरी बांधून नेणारे आमचे मेंबर कुठं दिसत नाहीत?”

मी सारे सांगितले. तिने मान हलवली. “बरं केलंस,” एवढेच म्हणाली, आणि अंक मिटून विचारले, “जेवून आलायस, की वाढू?”