ओठाआडची मशेरी

स्मरणिकेसाठी वसतिगृहाची एखादी आठवण लिहा, असा निरोप आला तेव्हा आम्हां जुन्या मित्रांना प्रथम आठवली ती मशेरीची डबी. लिहिताना संकोच वाटतो. परंतु संस्थेविषयीच्या कृतज्ञतेबरोबर आमच्या चुकीचीही नोंद येथे असावी, असे आम्हांस वाटते.

राधानगरीच्या पावसात दाढ ठणकू लागली की घरी आजी तव्यावर तंबाखू भाजून त्याची पूड करी आणि हिरडीवर दाबावयास देई. ठणका थांबे, सवय मात्र राही. तीच पूड आम्ही ट्रंकेच्या तळाशी दडवून वसतिगृहात आणली. पहाटे वंदनेला ओळीत बसून मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे पाचवे शील आम्ही म्हणत असू, तेही मशेरी ओठाआड धरूनच. दात घासण्याच्या नावाखाली चाललेले व्यसन आम्हांला व्यसन वाटतच नसे.

त्यात आमचा मुलूख उसाचा. सुट्टीत गुऱ्हाळावरची काकवी आणि दिवसभर उसाची कांडी. साखर किती खाल्ली याइतकेच ती किती वेळा तोंडात गेली यालाही महत्त्व असते, हे पुढे कळले. प्रत्येक खेपेस तोंडातील जंतू तिचे आम्ल करतात आणि दाताच्या कवचातील क्षार विरघळू लागतात. २००२-०३ च्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य पाहणीत बाराव्या वर्षी सुमारे ५४ टक्के, तर पंधराव्या वर्षी सुमारे ६३ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले. २०१९ च्या युवक तंबाखू पाहणीत तेरा ते पंधरा वयाचे ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखूचे सेवन करीत होते. हे आकडे वाचताना आम्हांला आमचीच ओळ दिसली.

त्या ओळीतील एक मित्र पुढे मशेरीवरून गुटख्याकडे वळला. २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली, तोवर उशीर झाला होता. सुपारीने गालाचे आतील अस्तर ताठ होत गेले. आज त्याच्या तोंडात दोन बोटेही नीट जात नाहीत. भाकरी कुस्करून खावी लागते आणि कर्करोगाच्या धास्तीने वारंवार तपासणीस जावे लागते. वंदनेत सर्वांत खणखणीत आवाज त्याचाच होता.

विनयपिटकातील चुल्लवग्ग आम्ही फार उशिरा वाचला. भिक्खूंच्या मुखाला दुर्गंधी येऊ लागली तेव्हा भगवंतांनी दातवणाची अनुज्ञा दिली, त्याचे पाच लाभ सांगितले; ते आठ अंगुळांहून लांब नसावे, चार अंगुळांहून आखूड नसावे, इतका बारकावाही सांगितला. शीलाची शिकवण देणाऱ्याने दातवणाच्या लांबीचाही विचार केला होता. आम्ही मात्र शील पाठ केले आणि तोंडाकडे पाहिले नाही. आज फ्लोराइडयुक्त पेस्टने दोन वेळा दात घासणे, एवढेच त्या अनुज्ञेचे नवे रूप आहे.

यंदाच्या मेळाव्यास तो मित्र आला. वंदनेत त्याचे शब्द अस्पष्ट उमटले. नंतर मुलांसमोर उभे राहून त्याने तोंड जितके उघडते तितके उघडून दाखविले. कोणी काही बोलले नाही. दुपारी एका मुलाने आपल्या ट्रंकेतील डबी आणली आणि गुरुजींच्या हाती न देता त्याच्या हाती दिली.