इंजिनातली हातभर नळी

श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडविरती हे एक व्रत आहे. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले असून प्रमादचर्या हा त्यांपैकी एक. प्रयोजन नसताना माती खणणे, पाणी सांडणे, अग्नी पेटवणे, अशी बेपर्वा वागणूक त्यात येते. आपल्या आजीच्या काळी हा विचार चुलीपाशी होत असे. महानगरात राहणाऱ्या आपल्या पिढीचा अग्नी मात्र चुलीपुरता उरलेला नाही. तो मोटारीच्या बॉनेटखालीही आहे, आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर पेट्रोल वाहत असते. घरातील जुन्या पद्मिनीच्या इंजिनावरील पेट्रोलची नळी बदलण्याचे काम यंदा मी हाती घेतले, तेव्हा या व्रताचा अर्थ मला नव्याने समजला.

पद्मिनीशी आपल्या समाजाचे नाते केवळ ग्राहकाचे नाही. सोलापूरच्या दिगंबर जैन घराण्यात 1882 साली जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि तिचा कारखाना कुर्ल्यात उभा राहिला. जहाज, विमान आणि मोटार हे तिन्ही उद्योग देशात उभे करण्याची उमेद बाळगणारा असा दुसरा व्यापारी त्या काळात क्वचितच सापडेल. आरंभी तेथे अमेरिकन गाड्यांची जोडणी होत असे. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी सहकार्य झाले. 1964 मध्ये आलेली फियाट अकराशे डिलाइट 1974 पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली जाऊ लागली. इंजिन 1089 घनसेंटिमीटरचे, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. घाटकोपर, मुलुंडच्या कित्येक कुटुंबांची पहिली मोटार हीच. दुकानाचा माल, लग्नाचे वऱ्हाड आणि गजपंथाची यात्रा, सारे तिने वाहून नेले. 2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून तिची काळी-पिवळी टॅक्सी कायमची गेली. खासगी गाड्या मात्र अजूनही काही घरांनी जपल्या आहेत. आमची त्यांतलीच एक, वडिलांनी घेतलेली.

या इंजिनाला विजेचा पेट्रोलपंप नाही. इंजिनाच्याच कॅमशाफ्टवर चालणारा, आत लवचीक पडदा असलेला छोटा यांत्रिक पंप टाकीतून पेट्रोल ओढतो आणि कार्ब्युरेटरकडे ढकलतो. या दोहोंमधील हातभर अंतर कारखान्याने धातूच्या नळीने जोडलेले असते. आमच्या गाडीत ती नळी नव्हतीच. पूर्वी कधीतरी कोणा कारागिराने ती काढून तिच्या जागी साधी रबरी नळी घातली होती. ती तापून कडक झाली होती, टोकांशी फुगून तिला बारीक भेगा पडल्या होत्या. गाडी उभी असली तरी पेट्रोलचा मंद वास येई, आणि तो वास प्रथम आमच्या नव्हे, इमारतीच्या रखवालदाराच्या लक्षात आला.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून न जाता जमिनीलगत पसरते, खळग्यात साचते, आणि तिला पेटण्यासाठी उन्हाळ्याची गरज नसते. उणे चाळीस अंशांच्या थंडीतही पेट घेण्याइतकी वाफ पेट्रोलमधून निघते. आमच्या इमारतीत गाड्या तळमजल्यावरील खांबांमध्ये उभ्या राहतात. त्याच जागेत संध्याकाळी मुले क्रिकेट खेळतात, आणि भिंतीला विजेचे मीटर आहेत. वर सात मजले राहती घरे. पंपाचा दाब टायरमधील हवेच्या दाबापुढे किरकोळ असतो, म्हणून अनेकजण या नळीला क्षुल्लक समजतात. पण गळती थेंबाची असो वा धारेची, खाली तप्त एक्झॉस्ट आणि शेजारी ठिणगी असताना तिला क्षुल्लक म्हणता येत नाही.

त्यात आता पेट्रोलही बदलले आहे. 2023 पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल देशात मिळू लागले, आणि आता ते बहुतेक पंपांवर आहे. हे इथेनॉल काही अंशी उसापासून तयार होते. ज्या वालचंदशेठांनी इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसवून साखरेचा कारखाना चालवला, त्यांच्याच मोटारउद्योगातील जुन्या रबराला आज उसाचे हे अपत्य सोसत नाही, हा काळाचा एक चमत्कारिक योग म्हणावा. इथेनॉल जुन्या प्रकारच्या रबराला फुगवते व मऊ करते. शिवाय ते हवेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे दीर्घकाळ उभ्या असलेल्या गाडीत साध्या लोखंडी नळीला आतून गंज चढतो. आमची गाडी चातुर्मासात फारशी बाहेर निघत नाही. म्हणजे हा धोका आम्हांला अधिकच.

नळी कोणत्या धातूची घ्यावी, यावर घरात आठवडाभर चर्चा चालली. धाकट्या बंधूंचा आग्रह तांब्यासाठी होता. गुलालवाडीच्या धातुबाजारात आमचे आप्त आहेत. मागितली असती तर नळी विनामूल्य मिळाली असती. तांबे हाताने वाकते, दिसते सुंदर, आणि बॉनेट उघडले की पाहणारा वाहवा करतो. परंतु सततच्या थरथरीने तांबे कठीण होत जाते आणि अखेरीस टोकाशी तडकते. भांडी घडवणारा तांबट ठोकलेले तांबे मधूनमधून तापवून पुन्हा नरम करतो ते याच कारणासाठी; इंजिनावर बसलेल्या नळीला अशी विश्रांती कोण देणार? शिवाय तांब्याच्या सहवासात पेट्रोलमध्ये चिकट साका लवकर धरतो. तांबे-निकेलचा मिश्रधातू थरथर अधिक सोसतो व गंजतही नाही, पण त्यातही मोठा भाग तांब्याचाच. जस्ताचा मुलामा दिलेले पोलाद स्वस्त असले तरी इथेनॉलपुढे जस्ताचा भरवसा कमी.

शेवटी आम्ही स्टेनलेस पोलादाची, सांधा नसलेली, तापवून नरम केलेली नळी घेतली. भांड्यांच्या व्यापारामुळे 304 हा आकडा आपल्यापैकी अनेकांना तोंडपाठ आहे, तोच दर्जा. ती वाकवण्यास कठीण आणि तांब्यासारखी लखलखीत नाही. बंधूंना वाईट वाटले. मी त्यांना एवढेच म्हटले, “दादा असते तर त्यांनी गिऱ्हाइकाला कोणती दिली असती?” आमच्या वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. दुकानात त्यांचा नियम असा होता की, माल कुठे वापरला जाणार हे विचारल्याशिवाय तो मोजायचा नाही. त्यावर बंधू हसले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच माप घेऊन बाजारात गेले.

बसवण्याचे काम आमच्या वयोवृद्ध मिस्त्रींनी केले. त्यांनी प्रथम जाड तार वाकवून पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या वाटेचा नमुना तयार केला. वाट एक्झॉस्टपासून दूर ठेवली, कारण मे महिन्यातील रहदारीत नळी तापली की पेट्रोलची आतल्या आत वाफ होते आणि गाडी चौकातच बंद पडते. पंपावर ओले फडके ठेवून वाट पाहणारे फियाटचे चालक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. मग नमुन्याबरहुकूम नळी वाकवण्याच्या हत्याराने हळूहळू वळवली. वळणाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या तिप्पट तरी हवी, नाहीतर नळी आतून चेपते. कापण्यासाठी करवत न वापरता फिरते कटर वापरले, तोंडाची आतली धार घासून काढली, आणि पेट्रोलने धुऊन वाऱ्याने फुंकली. लोखंडाचा एक कणही कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत अडकू शकतो.

दोन्ही टोकांना उंचवट्याचे कडे काढले, जेणेकरून वरची रबरी जोडनळी निसटू नये. जोडनळीचे हे दोन छोटे तुकडे इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घेतले. त्यांवर गुळगुळीत पट्टीच्या क्लिपा बसवल्या, रबर कापले जाईल इतक्या घट्ट न आवळता. पंप आणि कार्ब्युरेटर दोन्ही इंजिनावरच असल्याने तेथे ताठ नळी चालते. जेथे नळी गाडीच्या सांगाड्यावरून इंजिनावर येते, तेथे मात्र लवचीक तुकडा ठेवावाच लागतो, कारण इंजिन आपल्या रबरी बैठकांवर डुलत असते. शेवटी रबराचे अस्तर असलेल्या पकडीने नळीला मध्ये आधार दिला. ती कशालाही घासता कामा नये.

मिस्त्री प्रत्येक हत्यार उचलताना आणि ठेवताना ती जागा पाहत. त्यांचा धर्म वेगळा, पण मला आदान-निक्षेपण समितीची आठवण झाली. इंजिन सुरू केल्यावर त्यांनी कोरड्या कागदाने एकेक सांधा टिपला, गाडी तापल्यावर पुन्हा टिपला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन तिसऱ्यांदा पाहिले. कागद कोरडा राहिला. त्यानंतर आम्ही गाडीत कोरड्या भुकटीचे अग्निशामक ठेवले, आणि दर वर्षी पर्युषणापूर्वी सर्व रबरी तुकडे तपासण्याचे ठरवले.

जुनी मोटार जपणे हा परिग्रह नव्हे काय, असे एका मुनिश्रींच्या प्रवचनानंतर माझ्या मुलीने विचारले. तिचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर मी हसण्यावारी नेले नाही. ममत्व आहे, हे खरे. परिग्रहपरिमाणात ही गाडी आम्ही मोजून धरली आहे; तिच्या जोडीला दुसरी घेतलेली नाही. पण मोजून ठेवलेल्या वस्तूचाही एक हिशेब असतो. जी वस्तू आपण ठेवतो, तिच्यामुळे कोणाला इजा होणार नाही याची जबाबदारीही आपल्याकडेच राहते. ती सांभाळणे जमेनासे होईल त्या दिवशी गाडी दुसऱ्या हाती द्यावी, हे मी मुलीसमोर कबूल केले आहे. तोवर महिन्यातून एकदा बॉनेट उघडून कोरडा कागद फिरवण्याचे काम तिने स्वतःकडे घेतले आहे.