वाढत्या वयाची कंबर

दिवाळीच्या सुमारास दुबई-शारजात हवा बदलते, मैदानांवर पुन्हा गर्दी होते आणि माझ्याकडे कंबर धरलेल्या मुलांची रांग लागते. इथला खेळाचा मोसम भारतापेक्षा वेगळा चालतो. जून ते ऑगस्ट पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो, त्यामुळे दिवसा बाहेर खेळणं जवळपास बंद. ज्यांना परवडतं ते वातानुकूलित हॉलमध्ये जातात, बाकीची मुलं घरात पडून असतात. जुलै-ऑगस्टच्या सुट्टीत निम्मी मुलं आजीकडे पुण्याला, नाशिकला, कोल्हापूरला जातात. ऑगस्टअखेर शाळा उघडते आणि सप्टेंबरात अकॅडमी सुरू होते. मधल्या दोन महिन्यांत मुलगा दीड-दोन सेंटिमीटर उंच झालेला असतो. पँट आखूड झाली हे आईला पहिल्या दिवशीच दिसतं. त्याच्या मांड्यांचे स्नायू हाडांच्या मागे राहिलेत, हे मात्र कुणाला दिसत नाही. आणि पहिल्याच आठवड्यात कोच त्याला गेल्या मार्चइतकी षटकं टाकायला लावतो.

मी मूळची फिजिओथेरपिस्ट, गेली बरीच वर्षं दुबईत पिलाटीज शिकवते. मोठ्या माणसांचे वर्ग घेते ते घरभाड्यासाठी. माझा जीव रमतो तो अकरा ते सतरा वयाच्या खेळाडूंमध्ये, कारण तिथे काय बिघडलं आणि काय सुधारलं ते सहा-आठ आठवड्यांत समोर दिसतं.

पिलाटीज म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर महागडा स्टुडिओ आणि सडपातळ बायका येतात. ज्याच्या नावाने हा प्रकार ओळखला जातो तो जोसेफ पिलाटीज १८८३ मध्ये जर्मनीत जन्मला. लहानपणी दमा आणि मुडदूस यांनी बेजार झालेलं हे पोर पुढे जिम्नॅस्टिक्स, मुष्टियुद्ध असं काय काय करत इंग्लंडला गेलं. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला आइल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत डांबलं. तिथे त्याने आजाऱ्यांच्या खाटांना स्प्रिंगा लावून व्यायाम करून घेतले आणि त्यातून आजचं रिफॉर्मर हे यंत्र निघालं, असं सांगतात. गोष्ट थोडी घासूनपुसून चकचकीत केलेली वाटते, पण यंत्रातल्या स्प्रिंगा खऱ्या आहेत. १९२६ च्या सुमारास तो न्यूयॉर्कला आला. तिथे नर्तक त्याच्याकडे यायला लागले, कारण दुखापत झाल्यावर पुन्हा नाचायला उभं करणारा माणूस त्यांना हवा होता. स्वतः तो या पद्धतीला ‘कंट्रोलॉजी’ म्हणायचा. १९४५ च्या त्याच्या पुस्तकात जमिनीवरचे चौतीस व्यायाम आहेत आणि मुलांसाठी मला त्यातले दहा-बारा पुरतात.

माझं लहानपण दादरचं, शिवाजी पार्कावर दोरीचा मल्लखांब करण्यात गेलं. त्यामुळे रिफॉर्मर पहिल्यांदा पाहिला तेव्हा फार दिपून गेले नाही. धड घट्ट धरून हातपाय मोकळे सोडायचे, ही गोष्ट बाळंभटदादा देवधरांच्या परंपरेतली पोरं दोनशे वर्षं खांबावर करत आली आहेत. दुबईतल्या मराठी आईला मी हे सांगते तेव्हा तिचा चेहरा जरा पडतो. तिला काहीतरी परदेशी हवं असतं.

आता कंबर. उजव्या हाताने वेगवान गोलंदाजी करणारा चौदा वर्षांचा मुलगा घ्या. चेंडू सोडायच्या आधी त्याचा डावा पाय जमिनीवर आदळतो आणि त्या क्षणी शरीराच्या वजनाच्या पाच पटींपेक्षाही जास्त भार त्या पायातून वर चढतो. त्याच वेळी कणा मागे वाकलेला असतो, डावीकडे कललेला असतो आणि पिळलाही जात असतो. या तिन्हींचा ताण खालच्या दोन मणक्यांच्या मागच्या बाजूला, बहुतेक वेळा गोलंदाजीच्या हाताच्या उलट्या बाजूला, एका बारीक हाडावर येतो. वाढत्या वयात ते हाड पुरतं पक्कं झालेलं नसतं. भार वाढत गेला आणि विश्रांती मिळाली नाही की त्याला तडा जातो. जसप्रीत बुमराला पाठीच्या अशाच दुखण्याने २०१९ मध्ये गाठलं, २०२२ चा टी-ट्वेंटी विश्वचषक हुकवला आणि २०२३ मध्ये शस्त्रक्रियेपर्यंत नेलं. तो पुरता वाढलेला गडी, मागे डॉक्टरांची फौज. आमच्या पोराच्या मागे असतात शाळेचा कोच, अकॅडमीचा कोच आणि गाडीत बसून सराव बघणारे बाबा. बाबांच्या डोक्यात १९९८ चं शारजा असतं आणि मुलाच्या डोक्यात बुमरा.

पहिल्या दिवशी मी त्याला पाठीवर झोपवते, गुडघे उभे, तळवे जमिनीवर. कंबर उचलायला सांगते. याला शोल्डर ब्रिज म्हणतात. त्याच्या कमरेच्या दोन्ही पुढच्या हाडांवर एक स्टंप आडवा ठेवते. दोन्ही पाय टेकलेले असेपर्यंत स्टंप हलत नाही आणि मुलगा छतावरच्या दिव्याकडे बघत हसत असतो. मग म्हणते, आता उजवा पाय सरळ कर. पाय जेमतेम उचलला जातो तोच उजवी बाजू खाली बसते आणि स्टंप गडगडत चटईवर. पुन्हा केलं की पुन्हा तेच. पोटाचे चौकोन दिसणाऱ्या मुलांचाही पडतो, उलट त्यांचा जास्त पडतो, कारण ते वरचं पोट दगडासारखं आवळतात आणि श्वास कोंडतात. मला हवे असतात खालचे, दिसत नसलेले स्नायू. पोटाला पट्ट्यासारखा वेढणारा आडवा स्नायू, मणक्यांना मणक्यांशी बांधणारे छोटे स्नायू, वर श्वासपटल आणि खाली ओटीपोटाचा तळ. १९९६ मध्ये हॉजेस आणि रिचर्डसन या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं की निरोगी माणसात हात हलायच्या आधीच हा आडवा स्नायू जागा होतो आणि कंबरदुखी असलेल्यांत तो उशिरा जागा होतो. मुलांना मी दहीहंडीचं उदाहरण देते. खालचा थर हलला तर वरचा गोविंदा कितीही चपळ असून उपयोग नाही. मल्याळी आणि पाकिस्तानी मुलांना त्यासाठी मोबाइलवर व्हिडिओ दाखवावा लागतो. मग मागणी येते, मॅम आपणही करूया.

सहा आठवड्यांत बहुतेकांचा स्टंप टिकतो. त्यानंतर तेच काम उभ्याने, एका पायावर आणि शेवटी धावपट्टीवर. हा शेवटचा टप्पा गाळला तर आधीचं सगळं चटईवरच राहतं, आणि बरेच पिलाटीज शिकवणारे तो गाळतात. त्यांना मैदानात यायला आवडत नाही. उकडतं.

एक नियम मात्र कडक आहे. एका पायावर उभं राहून मागे वाकल्यावर खालच्या कमरेत एकाच ठिकाणी दुखत असेल तर माझ्याकडे व्यायाम नाही. आधी डॉक्टर, लागलं तर एमआरआय. ‘ताई, थोडं स्ट्रेचिंग करून द्या ना, शुक्रवारी मॅच आहे’ हे वाक्य मी दर मोसमात ऐकते आणि दर मोसमात नाही म्हणते.

रिफॉर्मरविषयी मुलांना फार कुतूहल. सरकता पाट, त्याला लावलेल्या रंगीत स्प्रिंगा, पट्टे, पायाशी दांडा. मुलगे आले की पहिली मागणी, अजून एक स्प्रिंग लावा. स्प्रिंगा जास्त म्हणजे काम अवघड, असा त्यांचा हिशेब. पाय ढकलताना तो बरोबर आहे. पण हात दांड्यावर, पाय पाटावर ठेवून फळीसारखं सरळ राहायचं असेल तर स्प्रिंग जितकी हलकी तितकी पंचाईत. पाट मागे पळायला लागतो आणि त्याला थांबवायला यंत्र मदत करत नाही. एकच हलकी स्प्रिंग लावली की वर्गातले सगळे दादा थरथरतात. दहा-अकरा वर्षांखालच्या मुलांना मी यावर चढवत नाही. यंत्र मोठ्यांच्या मापाचं असतं. खांद्यांचे ठोकळे आणि पायाचा दांडा यांत लहान मूल नीट बसत नाही आणि चुकीच्या कोनात मेहनत करत राहतं.

शिवाय पैसे. इथे रिफॉर्मरच्या एका सामूहिक तासाला शंभर-दीडशे दिरहम सहज पडतात. करामा नाहीतर कुसैसमध्ये एका बेडरूमच्या घरात दोन मुलं वाढवणाऱ्या कुटुंबाला तो खर्च दर आठवड्याला सांगणं मला जमत नाही, आणि गरजही नाही. सोफा आणि डायनिंग टेबलाच्या मधल्या पट्टीत एक चटई मावते. आठवड्यातून तीनदा, वीस मिनिटं. स्टंप घरात असतोच.

यंत्राचा एक उपयोग मात्र मला चटईवर मिळत नाही, तो म्हणजे झोपून उड्या मारणं. दांड्याच्या जागी फळी बसवतात, मूल पाठीवर झोपून तिच्यावर पाय मारून उडी घेतं आणि परत येतं. शरीराचा पूर्ण भार न घेता जमिनीवर उतरण्याचा सराव होतो. तेरा-चौदा वर्षांच्या फुटबॉल आणि बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलींसाठी हे फार मोलाचं आहे. त्या वयात उतरताना गुडघे आत वळायला लागतात आणि गुडघ्यातला पुढचा लिगामेंट तुटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा जास्त असतो. फळीवर गुडघा कुठे जातोय हे मुलीला स्वतःला दिसतं. मला ओरडावं लागत नाही.

पोहणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. दुबईचं हमदान क्रीडासंकुल २०१० मध्ये उभं राहिलं आणि त्याच डिसेंबरात तिथे छोट्या तलावाची जागतिक स्पर्धा झाली. साजन प्रकाशने टोकियो ऑलिंपिकच्या आधी दुबईतच प्रशिक्षक प्रदीप कुमार यांच्याकडे सराव केला. मानेच्या दुखापतीतून सावरून जून २०२१ मध्ये रोमला ऑलिंपिकची ‘अ’ पात्रता वेळ गाठणारा तो पहिला भारतीय जलतरणपटू ठरला. तेव्हापासून इथल्या भारतीय पालकांना पोहण्यातही पुढे काही आहे असं वाटायला लागलं. या मुलांना मी एवढंच करायला लावते की दोन्ही हात डोक्याच्या वर, कानांना लागून, आणि खालच्या बरगड्या वर उचलू द्यायच्या नाहीत. करून बघा. दहातल्या आठ मुलांची कंबर कमानीसारखी वर येते. खांदा पुरेसा वर जात नाही म्हणून ते ती उणीव कमरेतून भरून काढतात, पाण्यात हजारो वेळा.

‘याने उंची वाढेल ना?’ हा प्रश्न मात्र सगळ्या खेळांच्या आया विचारतात. नाही वाढणार. पाठ सरळ झाली की मूल उंच दिसेल, एवढंच. पिलाटीजने काय होत नाही हेही सांगायला हवं, कारण आमच्या धंद्यात मोठमोठ्या बाता फार. कंबरदुखीवर २०१५ मध्ये कॉक्रेनचा आढावा निघाला. त्यात काहीच न करण्यापेक्षा पिलाटीज बरं ठरलं, पण इतर व्यायामांपेक्षा ते सरस असल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. तेही मोठ्या माणसांत. फुटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या पालकांना मी आधी फिफाचा ‘इलेव्हन प्लस’ वॉर्म-अप सांगते. तो फुकट आहे, वीस मिनिटांत होतो आणि नॉर्वेत तेरा ते सतरा वयाच्या सुमारे १९०० मुलींवर झालेल्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने गंभीर दुखापती बऱ्याच कमी केल्या. ताकद हवी तर वजनं उचलावी लागतात. पिलाटीजची खरी जागा माझ्या मते उंचीच्या झपाट्याच्या त्या वर्ष-दोन वर्षांत आहे. मुलींना बाराच्या आसपास, मुलांना चौदाच्या आसपास, वर्षाला आठ-दहा सेंटिमीटर उंची वाढते तेव्हा मुलाला आपलं शरीर नव्याने ओळखावं लागतं. संथ, मोजक्या हालचालींनी ते जमतं.

आणि भार जास्त असेल तर काहीही केलं तरी उपयोग नाही. शाळेचा संघ, अकॅडमी, वीकेंडची लीग, रमजानमध्ये रात्री प्रकाशझोतातले सामने. तिघा कोचपैकी एकालाही उरलेले दोघे किती खेळवतात याची कल्पना नसते. मी आईकडून आठवड्याचा तक्ता भरून घेते. बऱ्याचदा माझा सल्ला असतो, माझा तास रद्द करा आणि त्याला झोपू द्या. स्टुडिओच्या हिशेबनीसाला हा सल्ला आवडत नाही.

मुलींचा वर्ग मी वेगळा घेते. काचेला पडदा, पुरुषांना प्रवेश नाही. त्यामुळे अमिराती मुलीही निर्धास्त येतात, मराठी, मल्याळी मुलींच्या शेजारी चटई टाकतात. पडद्याआड मुली बोलतात. लांब पल्ल्याचं धावणारी एक सोळा वर्षांची मुलगी सहज म्हणाली, चार महिने पाळीच नाही मॅम, बरंच आहे, शर्यतीला त्रास नाही. हे बरं नाही. खेळाला लागते तेवढी ऊर्जा पोटात जात नाही तेव्हा शरीर आधी पाळी बंद करतं आणि हाडं ठिसूळ व्हायला लागतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ पासून या अवस्थेला वेगळं नाव दिलं आहे. वर्षभर ऊन असलेल्या या देशात ड जीवनसत्त्वाची कमतरता घरोघरी आहे, कारण उन्हात कुणी जातच नाही. त्याने भर पडते. अशा मुलीला मी ब्रिज शिकवत बसत नाही, आईला फोन करून डॉक्टरांकडे पाठवते.

इथेच पिलाटीजची जाहिरात माझ्या आड येते. सपाट पोट, बारीक कंबर असं जे भिंतीवर लावलेलं असतं ते बघूनच काही मुली आलेल्या असतात, आणि कमी खाण्याचं वेड तिथूनच सुरू होतं. मुलींच्या वर्गाच्या खोलीतून ती चित्रं मी काढायला लावली. प्रवेशाच्या फॉर्मात उंची, झोप, खेळाचे तास यांच्याखाली पाळीचा रकाना घातला. काही आयांना तो आगाऊपणा वाटतो. एकीने काट मारून फॉर्म परत पाठवला. तो रकाना मी आता मुलीकडूनच भरून घेते, पहिल्या तासाला, आई बाहेर बसलेली असताना, आणि काही गडबड दिसली तर त्याच संध्याकाळी आईला आत बोलावते.