फायबरच्या आतले लाकूड

कोकणात जुनी होडी विकायला निघते ती बहुधा पावसाळ्याच्या तोंडाशी. यांत्रिक नौकांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. होड्या वर ओढून झापांनी नाहीतर ताडपत्रीने शाकारल्या जातात आणि ज्याला पुढच्या हंगामात आपली होडी पाण्यात घालायची नसते तो गिऱ्हाईक शोधू लागतो. घेणाऱ्यालाही ही वेळ सोयीची असते, कारण होडीचे बूड उघडे असते. पाण्यातली होडी गळती दाखवते, जमिनीवरची होडी बूड दाखवते. दोन्ही पाहायला मिळाल्या तर नशीबच, नाहीतर बूड पाहणे जास्त मोलाचे.

इथे विचार आहे तो वीस-बावीस फुटांच्या, मागे औटबोर्ड इंजिन टांगलेल्या फायबरच्या होडीचा. खाडीत जाळे मारायला, तारकर्लीकडे पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला, नाहीतर नुसतीच गळ टाकून बसायला अशा होड्या वापरात असतात. त्यांच्या आधीची पिढी लाकडाची होती. साग, फणस, आंबा यांच्या फळ्या, सांध्यांत तेलात भिजवून ठोकलेला कापूस, वरून मोरी माशाच्या काळजाचे किंवा काजूच्या टरफलांचे तेल, अशी ती व्यवस्था होती आणि दरवर्षी तिच्यावर मेहनत घ्यावी लागे. पण तिचा एक गुण होता. फळी नरम पडली की डोळ्यांना दिसे, चाकूचे टोक आत जाई. लाकूड अगदीच उघड्या मनाचे होते असेही नाही. टेरेडो हा लाकूड पोखरणारा जीव (नाव जहाजकिडा असले तरी तो किडा नसून शिंपल्यांच्या कुळातला आहे) टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून शिरतो आणि आतल्या आत वाढतो. बाहेरून धडधाकट दिसणारी फळी मग हातात चुरते. तरीही लाकडाचे बहुतेक आजार बाहेरून कळत असत आणि ते ओळखणारा सुतार गावात असे.

काचेचे धागे आणि पॉलिएस्टर रेझिन यांपासून होड्या बनवण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर पसरली. तिचे मोठे आश्वासन होते की, हे कुजत नाही. फायबर कुजत नाही हे खरेच. पण फायबरची होडी कुजते. कारण ती सगळी फायबरची नसते. मागची उभी पाटी, म्हणजे जिच्यावर इंजिन टांगतात ती ट्रान्सम, बहुतेक जुन्या होड्यांत प्लायवूडची असून वरून फायबर चढवलेले असते. फळकुटाखालच्या लांब पट्ट्याही अनेकदा लाकडाच्याच असतात. एका स्क्रूच्या भोकातून पाणी आत शिरते आणि मग ज्या आवरणाने लाकूड कोरडे ठेवायचे तेच आवरण ते ओले ठेवते. वर्षानुवर्षे ही कूज रंगाखाली चालू राहते. ४० अश्वशक्तीच्या टू-स्ट्रोक इंजिनाचे वजन ७० किलोंच्या पुढे जाते, त्याच ताकदीच्या फोर-स्ट्रोकचे शंभराच्या जवळ. हे सगळे वजन त्या पाटीवर लोंबकळते आणि होडीला पुढे ढकलणारा सारा जोरही तिच्यातूनच जातो. म्हणून जुनी फायबरची होडी घेताना पाहण्यासारख्या दहा गोष्टी असल्या, तरी पहिली आणि शेवटची पाहायची ती ही पाटी.

इथे डोळ्यांपेक्षा कान कामाला येतात. छोट्या हातोडीच्या मुठीने पाटीवर वीतभर अंतराने ठोकत जायचे. घट्ट लाकडाचा आवाज कडक येतो, कुजलेल्याचा बद्द. इंजिनाच्या बोल्टांभोवती आणि पाणी काढायच्या बुचाच्या भोकापाशी विशेष ठोकावे, कारण कूज बहुधा तिथूनच सुरू होते. नंतर इंजिन थोडे वर तिरपे करून त्याचा खालचा पाय हाताने हलवावा. त्याबरोबर पाटी वाकताना दिसली तर पुढची चौकशी फक्त किमतीची उरते. शंका राहिलीच तर आतल्या बाजूने बारीक ड्रिल मारून भुसा पाहावा. फिकट आणि कोरडा असेल तर ठीक. काळा, ओला, कुबट वासाचा असेल तर नव्या पाटीचा खर्च धरूनच बोलणी करावीत. विकणारा भोक पाडू द्यायला तयार नसेल तर त्या नकाराचाही हिशेब करावा.

बाकीची तपासणी लवकर होते. जेलकोटवरच्या, म्हणजे फायबरच्या सर्वांत बाहेरच्या थरावरच्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा बहुधा पृष्ठभागापुरत्या असतात. मात्र नाळेपाशी किंवा बुडाच्या कण्यावर भेग सलग आणि लांब असेल, दाबल्यावर हलत असेल, तर ती आतपर्यंत गेलेली असते. बुडावर फोड दिसले आणि फोडल्यावर आंबूस वासाचे पाणी निघाले, तर ते जेलकोटमधून झिरपलेले पाणी. सतत पाण्यात उभ्या राहिलेल्या होड्यांना हे होतेच आणि लोक त्याला वाजवीपेक्षा जास्त घाबरतात. त्याउलट ज्याला कोणी घाबरत नाही ते म्हणजे वजन. होडी बुडू नये म्हणून आत भरलेला फोम पाणी पीत गेला की होडी काही मणांनी जड होते, पाण्यात खाली बसते आणि इंजिन बिचारे उगाच दोष खाते. बाहेरच्या अंगावर शेवाळाची रेघ रंगवलेल्या पाणरेषेच्या बरीच वर गेली असेल तर हे ओळखता येते.

इंजिनाचा सौदा होडीपासून वेगळा करावा हे उत्तम. जुन्या होडीत बहुतेक पैसा इंजिनाचाच असतो. इंजिन थंड असताना सुरू करून पाहावे. गिऱ्हाईक येण्याआधीच तापवून ठेवलेल्या इंजिनाची परीक्षा होत नाही. प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा. आकडा किती यापेक्षा सिलिंडरांच्या आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक नाही ना, हे महत्त्वाचे. गिअरचे तेल काढून पाहावे. दुधाळ निघाले तर सीलमधून पाणी आत गेले आहे. पायाची लांबीही मोजावी. १५ इंची पाटीला २० इंची पायाचे इंजिन लावले तर पंखा फार खोल जातो, आणि उलट केले तर तो हवा घोटतो. शेवटी सुट्या भागांचा प्रश्न उरतो. एव्हिनरूड हे या धंद्यातल्या सर्वांत जुन्या नावांपैकी एक. ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये त्यांची औटबोर्ड इंजिने विकायला सुरुवात केली. त्या इंजिनांचे उत्पादन २०२० मध्ये थांबले. कोकणात यामाहा किंवा सुझुकीचा कार्ब्युरेटर उघडणारा मिस्त्री सहज मिळतो, म्हणून तिथे नावापेक्षा मिस्त्री पाहून इंजिन निवडलेले बरे.

कागद कंटाळवाणे असले तरी टाळता येत नाहीत. मासेमारीच्या होडीला नोंदणी लागते आणि शिवाय महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खालचा परवाना. प्रवासी न्यायचे असतील तर महाराष्ट्र सागरी मंडळाची परवानगी. अंगावर रंगवलेला क्रमांक, कागदावरचा क्रमांक आणि इंजिनावर कोरलेला क्रमांक जुळवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आता दुरुस्ती. हिची अडचण अशी की होडी स्वस्त मिळते पावसाळ्यात आणि रेझिनला पावसाळा सोसत नाही. पॉलिएस्टर रेझिनमध्ये हार्डनर साधारण एक ते दोन टक्के घालतात. उन्हाळ्यात तो जरा जास्त पडला की मिश्रण डब्यातच तापून घट्ट होते, आणि दमट थंड हवेत कमी पडला की वरचा थर दिवसेंदिवस चिकट राहतो. १ ऑगस्टला समुद्र खुला होतो म्हणून जुलैच्या ओल्या हवेत घाईने बसवलेल्या पाट्या काही वर्षांनी पुन्हा कुजतात, यात आश्चर्य नाही. त्या ओल्या लाकडावर ओल्या हवेत बंद केलेल्या असतात. पक्क्या छपराखाली काम करता येत नसेल तर होडी ऑक्टोबरपर्यंत तशीच ठेवावी. एक हंगाम जातो, पण पाटी राहते.

पाटी बदलताना बाहेरचे फायबर शाबूत ठेवतात, कारण त्याचाच साचा होतो. आतले आवरण कापून कुजके प्लायवूड छिन्नीने खरवडून काढतात आणि उरलेले फायबर पूर्ण वाळू देतात. नवे प्लायवूड मरीन प्रतीचे, आयएस ७१० चा शिक्का असलेले घ्यावे. त्याचे दोन थर एपॉक्सीने एकमेकांना चिकटवून, सगळ्या कडांना रेझिन पाजून बसवतात. जुन्या फायबरला नवे जोडताना जुन्याची कड तिरपी घासावी लागते. जाडीच्या बारा पट लांब उतार ही जुनी शिफारस आहे. इतका उतार घासायला पुष्कळ वेळ लागतो आणि धूळ घशात जाते (मास्कशिवाय हे काम करणाऱ्याला रात्री अंगाला सुटणारी खाज काचेच्या धाग्यांची असते), म्हणून तिथेच कुचराई होते. पॉलिएस्टरवर एपॉक्सी चांगली धरते, एपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही. क्रम ठरवताना हे विसरू नये. बोल्टांची भोके मोठी पाडून ती एपॉक्सीने भरायची आणि त्या भरावातून पुन्हा बारीक भोक काढायचे. असे केले म्हणजे बोल्ट ढिला झाला तरी पाण्याला लाकूड सापडत नाही. पहिल्या मालकाच्या घरी एवढी काळजी घेतली असती तर ही पाटी बदलावीच लागली नसती.

इंजिनाची दुरुस्ती त्या मानाने सोपी. पाणी ओढणारा रबरी इम्पेलर, प्लग, गिअरचे तेल आणि झिंकचे तुकडे न तपासताच बदलावेत. ते स्वस्त असतात आणि त्यांच्यापायी होणारे नुकसान महाग. झिंक स्वतः झिजून इंजिनाचे ॲल्युमिनियम वाचवतो, म्हणून त्याच्यावर रंग कधी लावू नये. नव्या काळातली खरी डोकेदुखी इंधनाची आहे. भारतात पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतो, फार पाणी धरले की टाकीच्या तळाशी वेगळा थर होऊन बसतो आणि जुन्या रबरी नळ्या आतून विरघळवतो. म्हणून नळ्या नव्या घ्याव्यात, पाणी वेगळे काढणारा फिल्टर लावावा आणि पावसाळ्यात टाकी भरून ठेवण्याऐवजी रिकामी करावी. बुडाला शेवाळरोधक रंग लावायचा की नाही, हे होडी कुठे राहते यावर ठरते. रोज ओढून वर घेतल्या जाणाऱ्या होडीला त्याची गरज नाही.

होडी पाण्यात घालायची ती भरतीला, बूच लावले आहे हे दोनदा पाहून. इंजिन सुरू झाल्यावर मागून बाहेर पडणारी पाण्याची धार जोरात हवी. ती नसेल तर लगेच बंद करावे. चालवणाऱ्याच्या मनगटाला इंजिन बंद करणारी दोरी आणि अंगात लाइफ जॅकेट हवेच. पूर्ण वेगाला इंजिन कंपनीने सांगितलेल्या फेऱ्यांपर्यंत पोहोचत नसेल तर कमी पिचचा पंखा लावून पाहावा. पिच एक इंच कमी केला की फेऱ्या साधारण दीडशे-दोनशेने वाढतात. परत आल्यावर फळकुटाखाली पाणी साचले आहे का ते पाहावे, इंजिनाचे बोल्ट पुन्हा आवळावेत, गोड्या पाण्याने इंजिन धुवावे. दहा-पंधरा तास चालल्यावर गिअरचे तेल पुन्हा काढून पाहिले आणि ते दुधाळ नसले, तर सील नीट बसले आहेत.